माझ्या सुनेचा दिवा बॅटरीवर चालत नव्हता

मी काच फोडलेली नाही. हे पहिलं सांगते, मग बाकीचं. त्या काचेच्या पेटीला कुलूपच नव्हतं. वरचं झाकण उचललं, मागे हात घातला, बॅटरी काढली आणि आमची वस्तू घरी आणली, एवढंच केलं मी. तर लोक म्हणत सुटलेत, सासूला वेड लागलं, सुनेचा सत्कार चालला होता तिथे जाऊन हिनं तमाशा केला, सून मेली तरी हिला तिचं चांगलं बघवेना. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिचा मान कशात होता ते तुम्ही मला शिकवणार का? माझ्या घरात राहायची ती. माझ्या ताटात जेवायची.

तर ऐका आता.

घराला लागूनच माझी लॉन्ड्री आहे हे तुम्हाला माहीतच आहे. दवाखान्याच्या चादरी आणि दोन हॉटेलांचे टॉवेल. मागच्या खोलीत बॉयलर. त्यातून वाफेचा पाईप निघतो तो पुढे इस्त्रीच्या मोठ्या मशीनला जातो, आणि पाईपाला खेटूनच धुण्याच्या पाण्याची लोखंडी टाकी आहे. आमचे मालक वारले तेव्हापासून सगळं मीच बघते. मुलगा गाडीतून कपडे आणतो, पोचवतो.

सून पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून. पांढरा कोट घेऊन. कोटाच्या खिशाजवळ हा एवढा लाल डाग.

मी म्हटलं, "बाई, रक्त दिसतंय. आधी गार पाण्यात घालायचा होता."

"रक्त नाही काकू. लोखंड आहे."

"लोखंड कधी लाल असतं का?"

"आजूबाजूला कोण उभं आहे त्यावर असतं," म्हणाली.

मला वाटलं पोरगी मस्करी करते. मी लिंबू लावून बघितलं, सोडा लावून बघितला, उकळून बघितलं. डाग हलला नाही. तसं सांगितलं तर ही खूश! "काकू, निघाला असता तर मला वाईट वाटलं असतं. उकळून पण निघाला नाही म्हणजे ते पक्कं आहे." म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक बघितलं जे डाग निघाला नाही म्हणून खूश होऊन पैसे देतंय. आणि तो एक कोट पोचवायला आमचे चिरंजीव कितीदा गेले! एकदा म्हणे पत्ता सापडला नाही, एकदा म्हणे बटण राहिलं होतं. मला काय कळत नाही का?

लग्न झालं तेव्हा माझी नणंद म्हणाली होती, "एवढी शिकलेली आणतेस, ती तुला गुंडाळून ठेवील." मी म्हटलं, "चादरी गुंडाळायला माणूस पाहिजेच आहे मला."

लॉन्ड्रीत पहिल्या सकाळी आली ती सरळ मागच्या खोलीत गेली. पाईपाजवळ हात धरून उभी. मला विचारते, "आई, ही एवढी सगळी उष्णता जाते कुठे?"

"माझ्या डोक्यात जाते," मी म्हटलं.

हसली खूप. मग म्हणाली, लॅबमध्ये ती हेच काम करते. उष्णतेची वीज करायची. इंजिन नको, चाकं नकोत, काही फिरायला नको. एका बाजूला गरम, एका बाजूला गार, आणि मधे पाणी. पाणी म्हणजे साधं नाही, तिनं बनवलेलं. त्या पाण्यात लोखंडाचे इतके बारीक कण की दिसतच नाहीत, आणि एकेका कणाच्या भोवती दुसऱ्या पदार्थांचे हात.

मला समजेना तेव्हा तिनं असं सांगितलं. "आई, मधे लोखंड म्हणजे सासू समजा. भोवती सहा सुना, सहा बाजूंनी हात धरून उभ्या."

"सहा? मग सासूचं काही खरं नाही."

"ऐका तर. थंड असताना सुना घट्ट धरून ठेवतात. तापलं की हात सैल सोडतात, सासू ऐसपैस होते. तापलेल्या बाजूला सासू थोडी वीज सोडून देते, गार बाजूला गेली की परत घेते. ती वीज जाते बाहेरच्या तारेतून. जाता जाता दिवा लावते."

"आणि पाणी संपलं की?"

"संपत नाही. तेच फिरतं. देतं, घेतं, देतं, घेतं."

"मग एवढी वर्षं काय करता तुम्ही तिथे?"

तेव्हा म्हणाली, तिथेच तर अडलंय. रोज रोज तापवलं की एखाद्या सुनेचा हात सुटतो. एकीचा सुटला की दुसरीचा सुटतो. "आणि सासू एकटी पडली ना आई, की गंजते. खाली गाळ होऊन बसते. खेळ खलास."

तर तिचं काम काय होतं, की सुना कशा निवडायच्या आणि कशा उभ्या करायच्या. तिनं असं केलं, तीन तीन सुनांचे पदर एकमेकींना बांधून टाकले. एकीचा हात सुटला तरी बाकीच्या दोघी तिला ओढून परत जागेवर आणतात. तिच्या सरांनी म्हटलं, "बांधल्या तर सैलच होणार नाहीत, मग वीज कुठली?" बरोबर होतं ते पण. ती म्हणायची सरांचं चुकत नाही. मग किती बांधायचं आणि किती मोकळं ठेवायचं, गाठ कुठे मारायची, यातच तिची वर्षं गेली. जेवताना बोटांनी ताटावर सहा टोकं काढत बसायची. मुलगा म्हणायचा, "आई, हिला वाढू नकोस, हिच्या सुना जेवतात आधी."

शेवटी एक पाणी जमलं. लाल. लॅबमध्ये चाललं. पण सर म्हणाले, हे बाहेरच्या उष्णतेत काही टिकायचं नाही, दुसरं काहीतरी बघ. तिनं माझ्यापाशी येऊन कपाळावर हात मारला. "आई, लॅबमधला हीटर सभ्य आहे. सांगू तेवढाच तापतो. खरी उष्णता अशी नसते. खरी उष्णता तुमच्या बॉयलरसारखी असते."

"म्हणजे कशी?"

"तुमच्यासारखी. एकदम चढते, एकदम उतरते."

दुसरी कुणी असं बोलली असती तर दाखवलं असतं मी. हिला काय बोलणार.

मग तिनं ती पेटी आणली. पेटी म्हणजे साबणाच्या डबीएवढी. आत बारीक कप्पे, एकाला एक जोडलेले, कारण एका कप्प्याची ताकद मुंगीएवढी. एका अंगाला तांब्याची पट्टी, ती पाईपाला टेकवायची. दुसऱ्या अंगाची पट्टी टाकीला टेकवायची. मधे ते लाल पाणी. वर ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. मुलानं पट्ट्या आवळून बसवली. सकाळी बॉयलर पेटवला, पाईप तापला, आणि दिवा लागला. मी दोन्ही हात लावून बघितलं, कुठे वायर भिंतीला जाते का. नाही. माझ्या वाया जाणाऱ्या वाफेवर लागला होता तो.

तिनं मला आणि मुलाला समोर उभं करून सांगितलं. "याला कुणी हात लावायचा नाही. उघडायचं नाही, हलवायचं नाही, पाणी काळं पडलं तरी बदलायचं नाही. रोज तापू द्या, रात्री गार होऊ द्या. खाडा नको. आपोआप विझेल तेव्हा विझेल. कधी विझतो तेच मला बघायचंय." बाकी काही मागितलं नाही तिनं माझ्याकडे. ना दागिना, ना साडी. खाडा नको म्हणाली.

रोज सकाळी ती कामावर जायच्या आधी मागच्या खोलीत डोकावायची. "आहे?" मी म्हणायची, "आहे." चपला घालून निघायची.

पाणी पुढे पुढे गडद झालं, कोऱ्या चहासारखं. मी घाबरले. ती वाकून वाकून बघायची, "गाळ नाही ना आई, मग रंग बदलू दे. म्हाताऱ्या झाल्या सुना, पण हात सोडले नाहीत."

आणि मग ती गेली. सांगायला पण काही नाही. बसच्या थांब्यावर उभी होती, डोक्यातली नस फुटली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. ज्या दवाखान्याच्या चादरी आम्ही धुतो तोच दवाखाना. आमच्याच इस्त्रीची घडी होती तिच्या अंगावर. कुणावर ओरडायचं सांगा. डॉक्टरवर ओरडले मी. काही लोक म्हणाले, त्या केमिकलनीच खाल्लं तिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नाही, तरी म्हणतात. म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि बॉयलर पेटवला.

घर माणसांनी भरलेलं. नणंद मागे आली धावत. "अगं काय बाई आहेस का कोण? कालच पोरगी गेली. आज तरी बंद ठेव. लोकांना काय सांगायचं, चादरी थांबत नाहीत म्हणून?"

मी म्हटलं, "चादर एक नाही धुवायची आज."

"मग कशाला पेटवतेस?"

"तिनं सांगितलंय."

नणंदेनं बाहेर जाऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं. बाईला पैशापुढे काही दिसत नाही. बरं. मी मशीनची झडप उघडून वाफ नुसती सोडून देत बसले, आणि पाईप तापला, आणि तो दाणा लागला. मी मागच्या खोलीत उभी राहून म्हटलं, "आहे." ऐकायला कोण होतं तिथे.

तिचे सर भेटायला आले. भला माणूस आहे, मी नाही म्हणत नाही, डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. मुलानं त्यांना मागे नेऊन दाखवलं. सर बघतच राहिले. "अजून चालू आहे?" मग म्हणाले, आमच्या नव्या इमारतीत खाली मोठ्या जागेत तिचं काम लावू, लोक बघतील, नाव राहील.

मी म्हटलं, "विझल्यावर न्या."

"आई, विझलेलं काय दाखवायचं?"

"विझेपर्यंत हात लावायचा नाही. तिचा शब्द आहे. त्यासाठीच लावलंय ते."

ते मान हलवत गेले. मला वाटलं समजलं त्यांना. पालथ्या घड्यावर पाणी.

हॉटेलवाल्यानं टॉवेलावरून भांडण काढलं होतं म्हणून एक दिवस मी स्वतः गेले तिकडे. परत येते तर पाईप उघडा. पट्ट्यांच्या जागी नुसत्या खुणा. मुलगा घड्या घालत बसलेला, मान वर करेना.

"कुठाय?"

"सरांनी माणूस पाठवला होता. दिली मी."

"दिली? तुझी होती का द्यायला?"

"आई, तिचं नाव लागेल तिथे."

"विझला होता का?"

त्यानं दुसरी चादर घडीला घेतली.

"मी विचारते, विझला होता का?"

"नाही."

मी हातातले टॉवेल त्याच्या अंगावर फेकले. एवढा मोठा घोडा, पण त्या दिवशी मी त्याला मारलं असतं. सुनेनं एवढं एकच सांगून ठेवलं होतं, आणि तिच्या नवऱ्यानंच मोडलं. तेव्हापासून आमच्या घरात बोलणं बंद. मीठ पाहिजे असलं तरी मी स्वतः उठून घ्यायची.

मग सरांच्या नव्या इमारतीतून सुनेच्या सत्काराचं आमंत्रण आलं. गेले मी. काच आणि गुळगुळीत फरशी, आत इतकं गार की मी पदर घट्ट गुंडाळून घेतला. मधोमध काचेची पेटी, त्यात आमची पेटी, वर सुनेचा फोटो, खाली तिच्या नावाचा फलक. आणि दिवा लागलेला. लखलखीत! आमच्याकडे कधी इतका लागला नाही.

मला क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोलू. मग मनात आलं, अरे, इथे पाईप कुठाय? गरम काय आहे इथे? थंडीनं माझी बोटं आखडलीत आणि दिवा लागलाय कशावर? मागे जाऊन बघितलं तर खाली चिकटपट्टीनं लावलेली बॅटरी. आणि आतलं पाणी लालभडक, सरबतासारखं.

सरांना जाऊन धरलं. "हे काय?"

"आई, ही दाखवण्यापुरती आहे. इथे उष्णता नाही ना, म्हणून. असं करतात सगळीकडे."

"मग तसं लिहा ना खाली. बॅटरीवर चालते म्हणून."

हळू आवाजात म्हणाले, "लोकांना पेटलेलं दिसलं की लक्षात राहतं."

"आणि पाणी? हे तिचं पाणी नाही."

"ते काळपट झालं होतं. बरं दिसत नव्हतं. म्हणून रंगीत भरलं."

"काळपट होतं, पण दिवा लावत होतं."

"मला कळतं आई. पण त्याचं मोजमाप कुठे आहे? बंद केलं तेव्हा कुणी मोजलं नाही. आता ते टिकलं असं धरता येणार नाही."

"कुणी बंद केलं? तुम्ही. कुणी मोजलं नाही? तुम्ही. आणि आता मलाच विचारता?" माझा आवाज चढला होता, लोक वळून बघत होते. "तिचं पाणी कुठाय? ते तरी द्या मला."

तिथे सुनेशेजारच्या टेबलावर काम करणारी एक मुलगी आहे, सून तिला चष्मेवाली म्हणायची. ती पुढे आली. रडवेल्या तोंडानं म्हणाली, "काकू, ते टाकाऊच्या कॅनमध्ये ओतलं. मी सुट्टीवर होते. कॅन गाडी घेऊन गेली."

टाकाऊच्या. कॅनमध्ये. तिची सगळी वर्षं होती हो त्यात. हात सोडतात की नाही सोडत, याचं उत्तर त्या घोटभर पाण्यात होतं. आणि दिसायला बरं नव्हतं म्हणून ओतून दिलं. तोंड धुतलेल्या पाण्यासारखं.

तेव्हा मी झाकण उचललं. वर फोटोत ती हसत होती आणि खाली तिच्या नावावर खोटा दिवा. जिनं आयुष्यात हिशेबाबाहेर चिमूटभर मीठ टाकलं नाही, तिच्या नावावर! तिचा दिवा तिचा होता, मिणमिणता का असेना. बॅटरी काढली, सरांच्या हातावर ठेवली. आणि पेटी पिशवीत घातली. पहारेकरी पुढे आला तर सरांनीच त्याला थांबवलं. एवढं त्यांनी बरं केलं. हाच काय तो तमाशा.

मुलगा गाडीत बसला होता, आत आलाच नव्हता. वाटेत मी पिशवी मांडीवर धरून बसले. मग गाडी कडेला घेऊन म्हणाला, "आई, नावाचं मी उगीच सांगितलं तुला."

"मग?"

"मला बघवत नव्हतं. ती नाही आणि तो आहे. रोज सकाळी तू मागे जाऊन आहे म्हणतेस, ते मला ऐकू यायचं."

माझा राग गेला असं समजू नका. राग होता तिथेच आहे. पण घरी आल्यावर मीठ त्याच्याकडे सरकवलं.

सुट्टीच्या दिवशी चष्मेवाली आली, बाटली घेऊन. सून करायची तसंच करून आणलं होतं तिनं, तेच हात, तीच गाठ. रंगीत पाणी मोरीत ओतलं आणि धुऊन हे भरलं. मुलानं पेटी पाईपाला आवळली. बॉयलर पेटवला. पाईप तापला. दिवा लागेना.

चष्मेवाली घाबरली. उघडून बघते म्हणाली, मी म्हटलं थांब. मुलानं तांब्याच्या पट्टीवर नख मारलं. तर वर जाड चकचकीत रोगण. प्रदर्शनात चमकावी म्हणून लावलेलं! उष्णता आत जाणार कशी? तांब्यालाच रेनकोट घातला होता शहाण्यांनी. चष्मेवालीनं चक्क शिवी दिली, मला आवडली ती मुलगी. मुलगा पॉलिश पेपर घेऊन बसला घासत, घाम टपटप पडतोय, उठायला तयार नाही. तांबं उघडं पडलं. परत आवळली.

लागला. मिणमिणता. तिचाच.

मुलगा बाहेर जाऊन गाडीत बसला, पाठ करून. मी बोलावलं नाही त्याला.

चष्मेवाली म्हणाली, "काकू, आता मी येऊन मोजत जाईन." ये म्हटलं. पण हे सुनेच्या हातचं पाणी नाही, हे मला माहीत आहे, मला कुणी समजूत घालू नका. तिच्या हातचं आणखी किती टिकलं असतं ते आता कुणालाच कळायचं नाही, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं मारलेली गाठ टिकते का, एवढंच आता कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉन्ड्रीत गेले तर बॉयलर आधीच पेटलेला. मुलगा मागच्या खोलीत. मला बघून म्हणाला, "आहे."

परवा सरांचा निरोप आला, चालू असेल तर व्हिडिओ पाठवा, फलक दुरुस्त करायचाय. मी कळवलं, विझल्यावर सांगेन. तोवर पेटीला कुणी हात लावायला आलं, तर काच नव्हती फोडली, पण दुसरं काहीतरी नक्की फोडीन.